जुन्या गाडीच्या रेक्झिन सीट आणि फुगलेली डोअर पॅनेल: नवं कव्हर बेतण्याआधी काय बघावं?

जुनी_चासी

१९६० च्या दशकातली चार दारांची गाडी आहे. पुढे दोन सुट्या सीट, मागे सलग बाक, सगळं मूळ रेक्झिनमध्ये. चालकाची बैठक शिवणीवर फाटली आहे. मागच्या बाकाची पाठ काचेतून येणाऱ्या उन्हाने कडक होऊन तडकली आहे. आत झिगझॅग स्प्रिंग आणि त्यावर काथ्याची गादी आहे, तिचा भुगा रोज खाली पडतो. चारही डोअर पॅनेलचं हार्डबोर्ड तळाशी फुगून लाटा आल्या आहेत आणि क्लिपा धरत नाहीत.

शिवणकाम येतं, वॉकिंग फूटचं (वरचा पायही कापड पुढे सरकवतो असं) मशीन हाताशी आहे. गाडीच्या सीट मात्र कधी शिवलेल्या नाहीत. तीन शंका आहेत:

१. जुनं कव्हर उसवून त्याच्याच तुकड्यांवरून नवं बेतलं तर चालेल का?
२. काथ्या काढून स्प्रिंगवर थेट ७५ मिमी फोम ठेवला तर काम सोपं होईल असं वाटतं. काही तोटा आहे का?
३. पॅनेलला हार्डबोर्डच घ्यावं की दुसरं काही? आणि चिकटवायला काय वापरावं?

सीटच्या मधल्या भागात उभ्या पट्ट्या आहेत, त्या तशाच हव्या आहेत.

---

काथ्याकूट

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

चालकाची बैठक शिवणीवर फाटली याचा दोष रेक्झिनला देण्याआधी खालचा काथ्या हाताने दाबून बघा. काथ्या बसला की माणसाचं वजन गादीवर न राहता कव्हरवर येतं. कव्हरची झोळी होते आणि झोळी जिथे शिवलेली असते तिथेच उसवते. तशाच बसलेल्या गादीवर नवं कव्हर चढवलं तर तेही त्याच जागी जाईल.

स्प्रिंगवर थेट फोम ठेवू नका. एक म्हणजे स्प्रिंगची तार फोम करवतीसारखी कापत जाते. दुसरं म्हणजे दाब आला की फोम दोन स्प्रिंगांमधल्या फटीत घुसतो, त्यामुळे बसणाऱ्याला तार टोचते आणि वरून सीटवर लाटा दिसतात. काथ्याच्या गादीचं मुख्य काम मऊपणा देणं नसून स्प्रिंगचा दाब पसरवणं आहे. ते काम साधा फोम करत नाही, मग तो कितीही जाड घ्या. शिवाय ७५ मिमी फोम मूळ गादीपेक्षा उंच राहिला तर बसण्याची उंची वाढते, गुडघे स्टिअरिंगला लागतात आणि बेतलेलं कव्हर कडेला पोहोचत नाही.

खालून वर थर असे लावा:

स्प्रिंग → किंतान → रबर मारलेली काथ्याची गादी, २० ते २५ मिमी → फोम, २५ मिमी → पातळ पॉलिएस्टर वॅडिंग → कव्हर.

कव्हर काढण्याआधी सीटची उंची चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी मोजून लिहून ठेवा. बसलेल्या जागेवर विश्वास नको. कडेचा जो भाग कुणी दाबलेला नसतो, मागच्या कोपऱ्याजवळचा, तिथली जाडी ही मूळ जाडीच्या सगळ्यात जवळची असते.

मग सांगाडा उघडा करा. स्प्रिंग फ्रेमला जिथे अडकतात तिथे क्लिपच्या आत प्लास्टिकचं किंवा कागदाचं अस्तर असतं, ते झिजलं की सीट करकरते. बदलायचं तर आत्ताच. सगळ्या स्प्रिंगांची कमान शेजारी शेजारी ताडून पाहा. एखादी सपाट झाली असेल तर ती ठोकून वाकवू नका. त्या पोलादाला एकदा मार बसला की तिथेच तुटतं. त्याच मापाची नवी घाला. गंज तारेच्या ब्रशने काढून झिंक प्रायमर मारा आणि रंग पूर्ण वाळू द्या, नाहीतर किंतानाला डाग पडून ते तिथेच कुजतं. पाठ मागेपुढे करायच्या बिजागरीजवळ फ्रेमचं वेल्डिंग नीट बघा. केसाएवढी चीर असली तरी आधी वेल्डिंग, मग गादी.

किंतान कडेने दुमडून दुहेरी करा आणि फ्रेमच्या तारेला साधारण ६० मिमी अंतराने हॉग रिंग (पकडीने आवळायच्या तारेच्या कड्या) मारा. मधे दाभण आणि सुतळीने स्प्रिंगला पाच-सहा ठिकाणी टाचून घ्या. ते ढोलासारखं ताणू नका. स्प्रिंग खाली जायला जागा राहिली नाही तर किंतान रिंगजवळ फाटतं.

फोम घेताना घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दुकानात ठासून सांगावं लागतं. घनता म्हणजे एका घनमीटरचं वजन, त्यावर फोम किती वर्षं टिकेल ते ठरतं. कडकपणा म्हणजे दाबायला लागणारा जोर, तो न्यूटनमध्ये देतात. बैठकीला ४० किलो प्रति घनमीटर आणि १८० ते २०० न्यूटन, पाठीला ३० ते ३५ किलो आणि ११० ते १३० न्यूटन हे जुन्या गाडीला बरोबर बसतं. नुसता 'कडक फोम द्या' म्हटलं तर हलका पण कडक फोम हातात पडतो आणि काही महिन्यांत बसतो.

फोम फ्रेमपेक्षा चारही बाजूंनी १० ते १२ मिमी मोठा कापा. कव्हर त्याला आवळून आत घेतं तेव्हा कोपरे भरून येतात. नेमका फ्रेमच्या मापाचा कापला तर कोपऱ्यात पोकळी राहते आणि तिथे चुण्या पडतात.

फोम आणि कापड दोन्ही आगीच्या चाचणीतून गेलेले असावेत. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या एफएमव्हीएसएस ३०२ या नियमानुसार गाडीच्या आतलं सामान मिनिटाला १०२ मिमीपेक्षा वेगाने जळता कामा नये. आयएसओ ३७९५ ही चाचणीही त्याच पद्धतीची आहे. घरच्या सोफ्याचा स्वस्त फोम यात बसेलच असं नाही.

---

उरेब_पट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, पण तुकड्याच्या कडेवरून नाही, शिवणीच्या रेषेवरून.

जुनं रेक्झिन आकसतं आणि जुनं चामडं सैल होतं, दोघांची चूक उलट्या दिशेची. रेक्झिनमधलं प्लास्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारं रसायन) उन्हाने निघून जातं, म्हणून ते कडक होतं आणि आखूडही. तुमच्या मागच्या बाकाची पाठ तडकली आहे, म्हणजे तो तुकडा नक्की आकसलेला आहे. त्यावरून जसंच्या तसं बेतलं तर कव्हर खालपर्यंत येणार नाही. चालकाची बैठक उलट ताणली गेली असेल. म्हणून तुकड्यावरून आकार घ्या, माप मात्र नव्या भरलेल्या गादीवरून.

उसवताना दोन सीटपैकी एकच उसवा. दुसरी शेवटपर्यंत शाबूत ठेवा, नाहीतर कुठली शिवण कुठल्या शिवणीवर चढते आणि पायपिंग कुठे संपतं हे आठवत बसावं लागतं. प्रत्येक तुकड्याच्या मागे बॉलपेनने डावा-उजवा, वरची बाजू, पुढची बाजू लिहा. उसवण्याआधी प्रत्येक शिवणीवर आडव्या रेघा मारा, सरळ भागात ८० ते १०० मिमीवर आणि वळणात ४० मिमीवर. याच पुढे तुमच्या खाचा. सीटची मध्यरेषा सगळ्या तुकड्यांवर हवीच.

तुकडा जाड कागदावर सपाट ठेवून शिवणीच्या भोकांमधून आरी टोचा. भोकं जोडून शिवणरेषा काढा, तिच्या बाहेर सगळीकडे सारखी १२ मिमी माया (शिवणीबाहेरचा जादा काठ) ठेवा. मूळ माया वेडीवाकडी कापलेली असते, तिच्या नादी लागू नका. खाचा ४ मिमीपेक्षा खोल नकोत.

आता पडताळा. शेजारच्या दोन तुकड्यांच्या शिवणरेषा मोजपट्टी उभी धरून मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर तो नेमका कुठल्या दोन खाचांच्या मधे आहे ते शोधा आणि तिथेच दुरुस्त करा. 'शिवताना ओढून घेऊ' असं ठरवलं की पायपिंग पीळ खातं. गादीवर घेतलेल्या मापापेक्षा कव्हर रुंदीत सुमारे २ टक्के कमी ठेवा. म्हणजे गादी ५०० मिमी भरली तर कव्हर ४९० मिमी. चामडं असेल तर याहून थोडं अधिक कमी चालतं.

पाठीचे तुकडे पार वाया गेले असतील तर भरलेल्या गादीवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, वरून मास्किंग टेपचे दोन थर आडवे-उभे लावा, शिवणीच्या रेघा काढा आणि कापून सपाट करा. सपाट होताना जिथे टेप उचलली जाते तिथे शिवण किंवा चिमटा हवा असा त्याचा अर्थ.

रेक्झिन घेताना हाताने आडवं आणि उभं ताणून बघा. विणलेल्या अस्तराचं रेक्झिन पन्ह्यात जास्त ताणतं. ती दिशा सीटच्या रुंदीत घ्या, लांबीत घेतली तर वर्षभरात पुढच्या कडेला झोळ पडतो. १३७० मिमी पन्ह्याचं घेतलं तर पुढच्या दोन सीटना ४ मीटर, मागच्या बाकाला ४, चार पॅनेलना ३ आणि पायपिंगला १, असे १२ मीटर एकाच लॉटमधले घ्या. नंतर आणलेला मीटर रंगात जुळत नाही, उन्हात तर लगेच कळतो.

दोरा बॉंडेड पॉलिएस्टर. नायलॉन जास्त ताकदीचा असतो, पण उन्हात लवकर कुजतो, आणि मागच्या बाकाच्या वरच्या शिवणीला ऊन चुकत नाही. आतल्या शिवणीला टेक्स ९० (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप), सुई ११०. वरून दिसणाऱ्या टाक्याला टेक्स १३५, सुई १२५ ते १४०. टाका ४ ते ५ मिमी. कापडाच्या सवयीने अडीच मिमीचा टाका घालाल तर रेक्झिनची अवस्था पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते, पहिल्या जोराला भोकांच्या रेषेवर फाटतं. उलट टाकेही तीनपेक्षा जास्त नकोत.

पायपिंगला ४ मिमी दोरी आणि ४० मिमी रुंद पट्टी. रेक्झिनची पट्टी सरळ कापली तरी वळते. कापडाची असेल तर उरेब कापा.

---

दाभण

डोअर पॅनेलबद्दल.

बोर्ड का फुगलं ते आधी. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच, प्रत्येक गाडीत जातं. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी मूळ रचना असते. भोकं चिखलाने बुजली किंवा पॅनेलमागचं प्लास्टिक कुणीतरी फाडून टाकलं की पाणी बोर्डात मुरतं. म्हणून पॅनेल बेतण्याआधी तळाची भोकं तारेने मोकळी करा, काचेच्या तळची रबरी पट्टी बदला, आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर २०० मायक्रॉनचं पॉलिथीन ब्यूटाइल टेपने चिकटवा. त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत सोडा. ती बाहेर, म्हणजे पॅनेलच्या बाजूला राहिली तर अडवलेलं सगळं पाणी बरोबर बोर्डाच्या तळाशी येतं. पॉलिथीन असूनही फुगलेली पॅनेल दिसतात ती याच कारणाने.

बोर्ड ३ मिमीचंच हवं. ४ मिमी प्लाय मजबूत वाटतो, पण क्लिपचा गळा ३ मिमीसाठी असतो. ती पूर्ण आत जात नाही, पॅनेल दारापासून उभं राहतं आणि काच खालीवर करायच्या हँडलची चकती घासते. पर्याय दोन: तेल पाजलेलं हार्डबोर्ड किंवा ३ मिमी मरीन प्लाय. हार्डबोर्डला क्लिपची भोकं स्वच्छ पडतात, प्लायची कड तिथे फुटते. मी हार्डबोर्डच सुचवेन.

जुनं फुगलेलं बोर्ड वरच्या भागात खरं असतं, तळाशी खोटं. वरच्या दोन-तृतीयांश भागाची रेघ जुन्यावरून घ्या आणि तळाची थेट दारावर कागद लावून. क्लिपची भोकंही दारावरून: प्रत्येक भोकात खडू लावलेला बोथट खिळा बसवा, बोर्ड जागेवर धरून दाबा, खुणा उमटतात. काही गाड्यांत डावं-उजवं दार हे एकमेकांचं तंतोतंत प्रतिबिंब नसतं, तेव्हा एकावरून दुसरं पालथं घालू नका.

कापून झालं की दोन्ही बाजूंना, सगळ्या कडांना आणि भोकांच्या आत पॉलियुरेथेन वार्निश मारा. कडा आणि भोकं दोनदा. फक्त मागची बाजू मारली तर दोन बाजू वेगवेगळी हवा खातात आणि बोर्ड पातेल्यासारखं वाकतं. चिकटवायच्या बाजूवर नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा.

पुढच्या बाजूला ३ ते ५ मिमी फोम, कडेपासून १० मिमी आत थांबवलेला. कडेपर्यंत नेला तर क्रोमची पट्टी बसत नाही आणि पॅनेल चौकटीला टेकत नाही. रेक्झिन मागे २५ मिमी वळवा. बाहेरच्या गोल कोपऱ्यात मागच्या मायेला व्हीच्या आकाराच्या खाचा द्या, बोर्डाच्या कडेपासून ३ मिमी अलीकडेच थांबा. स्टेपल मारायच्या असतील तर पाय ४ मिमीचे. ६ मिमीची पिन बोर्ड पार करून पुढून टोचते, आणि ते चिकटवून झाल्यावरच कळतं.

हँडलसाठी भोक कापू नका. आरीने मध्य शोधा, फुलीसारखा छोटा छेद द्या. चकती बसल्यावर तो झाकला जातो.

जुनं हँडल निघत नसेल आणि स्क्रू दिसत नसेल तर मागे नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. हँडल आणि चकतीच्या मधे सुती कापडाची पट्टी घालून बूट पुसताना करतो तशी मागेपुढे ओढा. क्लिप कापडात अडकून बाहेर उडते. दुसरा हात वर धरून ठेवा, एकदा उडालेली ती क्लिप पुन्हा सापडत नाही.

---

बॉबिनवाला

गोंदाचं कुणीच बोललं नाही, आणि नवी कामं जास्तकरून तिथेच सुटतात.

नेहमीचा निओप्रीनचा कॉन्टॅक्ट गोंद फोम ते बोर्ड यासाठी उत्तम. पण रेक्झिनमधलं प्लास्टिसायझर हळूहळू त्यात उतरतं आणि गोंद पुन्हा लिबलिबीत होतो. जाड कापडी अस्तराचं रेक्झिन असेल तर अस्तर बराच बचाव करतं. पातळ अस्तर किंवा बिनअस्तराच्या रेक्झिनला नायट्राइल किंवा पॉलियुरेथेनवर आधारलेला गोंद घ्या. डब्यावर 'प्लास्टिसायझरला टिकणारा' असं लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट उष्णता. उन्हात बंद गाडीच्या छताजवळ ७० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. हस्तकलेचा स्प्रे गोंद त्याआधीच ढिला पडतो. छताला आणि पॅनेलच्या वरच्या कडेला जास्त उष्णता सोसणाराच गोंद हवा.

दोन्ही बाजूंना पातळ थर, १० ते १५ मिनिटं थांबा, बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा. चिकट लागला पाहिजे पण बोटाला आला नाही पाहिजे. ओला असताना दाबला तर आतला सॉल्व्हंट अडकतो आणि पुढे फुगे येतात. फोमवर गोंद ओतू नका, शोषून घेतो आणि तिथे वाळून कडक डाग बनतो, वरून हाताला लागतो.

उरेब_पट्टी यांच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. पूर्ण कव्हर सरसकट २ टक्के कमी हे गुळगुळीत सीटला ठीक. मधल्या भागात पट्ट्या असतील तर पट्ट्यांचा तुकडा पूर्ण मापाचा ठेवून कपात फक्त बाजूच्या तुकड्यांत करावी. पट्ट्या आडव्या ताणल्या की त्यांचा फुगीरपणा जातो, आणि मूळ दिसणं तर तेच हवं आहे.

---

उरेब_पट्टी

बरोबर आहे, पट्ट्यांचं लक्षात घ्यायला हवं होतं. कपात बाजूच्या तुकड्यांतच.

---

जुनी_चासी

सगळ्यांचे आभार. काथ्या ठेवतो, ७५ मिमी फोम रद्द.

आता पट्ट्यांचं गणित सांगा. मधला भाग तयार झाल्यावर ४८० मिमी रुंद हवा, त्यात ६० मिमीच्या ८ पट्ट्या. वरून टाका दिसत नाही, मूळ शिवण खाचेत लपलेली आहे. डोअर पॅनेलवरही तशाच रेघा आहेत, पण त्यात टाकाच नाही, जणू दाबून उमटवल्या आहेत. त्या कशा करायच्या? आणि बेतलेलं कव्हर गादीवर चढवताना काही युक्ती?

---

बॉबिनवाला

आधी गणित.

पट्ट्यांखाली १० मिमी फोम घ्या, मागे जाळीचं कापड चिकटवलेला. नुसत्या फोममधून टाका घातला तर दोरा तो कापत खाली उतरतो, जाळी ते थांबवते.

फोमची रुंदी: ४८० अधिक दोन्हीकडची १२ मिमी माया, म्हणजे ५०४ मिमी. त्यावर शिवणीच्या ७ रेघा: पहिली कडेपासून ७२ मिमीवर, पुढच्या प्रत्येकी ६० मिमीवर.

रेक्झिन याहून मोठं लागतं. प्रत्येक लपलेल्या शिवणीत घडीपासून ३ मिमीवर टाका पडतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६ मिमी खर्च. ७ शिवणींचे ४२. फोमवरून फुगून जायला प्रत्येक पट्टीला ३ मिमी, ८ पट्ट्यांचे २४. माया २४. एकूण ४८० + ४२ + २४ + २४ = ५७० मिमी.

रेक्झिनच्या मागे घडीच्या रेघा: पहिली कडेपासून ७८ मिमीवर, पुढच्या ६९-६९ मिमीवर. सातवी ४९२ वर येते आणि पलीकडे पुन्हा ७८ उरतात. तसं आलं नाही तर कुठेतरी चूक आहे, कात्री लावू नका.

शिवताना रेक्झिन रेघेवर चांगल्या बाजू समोरासमोर येतील असं दुमडा, फोमच्या रेघेवर ठेवा, घडीपासून ३ मिमीवर टाका घाला, मग उलगडून पुढच्या रेघेवर जा. एका कडेकडून दुसरीकडे. सगळ्या शिवणी वरून खाली एकाच दिशेने घाला. एक खाली, एक वर असं केलं तर पट्ट्या तिरक्या पिळतात.

फुगीरपणाचे ३ मिमी हा अंदाज १० मिमी फोमसाठी आहे. तुमच्या फोमवर आधी तीन पट्ट्यांचा नमुना शिवून मोजा. प्रत्येक पट्टीत १ मिमी चुकला तरी ८ पट्ट्यांत ८ मिमी होतात, तेवढ्याने बाजूच्या तुकड्याची खाच हुकते.

पट्ट्यांचा तुकडा खाली खेचून ठेवायला मागून कापडी नळी शिवलेली असते आणि तिच्यात तार. जुन्या कव्हरमधून ती तार काढून जपून ठेवा, तिचं वळण सीटच्या खोलगटपणाला जुळवलेलं असतं. फोममध्ये त्या जागी छेद देऊन ती खालच्या तारेला ५० ते ७५ मिमीवर हॉग रिंगने बांधायची. हे न करता नुसतं वर कव्हर ताणलं तर पाठीचा खोलगट भाग तंबूसारखा सरळ उभा राहतो.

---

दाभण

पॅनेलवरच्या बिनटाक्याच्या रेघा उच्च वारंवारतेच्या वेल्डिंगच्या आहेत. कारखान्यात पितळी साचा आणि २७.१२ मेगाहर्ट्झचं यंत्र वापरून रेक्झिन, फोम आणि खालचा थर त्या रेषेवर वितळवून जोडायचे. घरी ते होत नाही. इस्त्री किंवा तापलेली पट्टी फिरवून बघण्याचा मोह आवरा, पृष्ठभाग चकाकतो आणि पोत जातो.

दोन मार्ग आहेत. वरचं रेक्झिन शाबूत असेल आणि बोर्डच वाईट असेल तर जुनं रेक्झिन सोडवून नव्या बोर्डावर चढवा. हीट गनने मागून कोमट करत, रुंद बोथट पात्याने, दिवसभराचा वेळ हाताशी ठेवून. फोम बोर्डाला चिकटून फाटला तरी चालेल, वेल्डिंगची रेघ तुटता कामा नये. चारपैकी जी पॅनेल अशी वाचतील ती वाचवा. ती मूळ दिसण्याला कुठल्याही नक्कलेपेक्षा जवळची.

दुसरा मार्ग टाक्याचा. ५ मिमी जाळीच्या फोमवर वरून सरळ टाका, रंग रेक्झिनशी तंतोतंत जुळणारा, टाका ५ मिमी. रेघ वेल्डिंगपेक्षा खोल आणि अरुंद दिसते. पुढच्या दोन दारांना एक आणि मागच्या दोन दारांना दुसरा प्रकार करू नका, दारं उघडली की लगेच डोळ्यात भरतं.

---

काथ्याकूट

कव्हर चढवण्याबद्दल.

रेक्झिन आधी उन्हात किंवा उबदार खोलीत ठेवा. थंड रेक्झिन ताणत नाही आणि शिवणीवर जोर येतो. वॅडिंग लावलेल्या गादीवर पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, कव्हर त्यावरून सरकतं. काम झालं की पिशवी फाडून ओढून काढा. ती आतच ठेवणारे आहेत, पण मग सीट चुरचुरते आणि ओल आत कोंडते.

कव्हर उलटं करून पुढच्या कडेची मध्यखूण गादीच्या मध्यखुणेवर बसवा, मग सुलटं करत मागे आणा. आधी पुढचा मध्य, मग मागचा मध्य, मग बाजूंचे मध्य, कोपरे शेवटी. प्रत्येक ठिकाणी आधी दोनच रिंग तात्पुरत्या मारा. पायपिंग सरळ आहे का ते दोन-तीन मीटर दूर उभं राहून बघा, जवळून कळत नाही. सगळं ठीक वाटलं की ४० ते ५० मिमीवर रिंग पूर्ण करा. रिंग शिवणीच्या मायेच्या दुहेरी भागातून घ्या, एकेरी रेक्झिनमधून घेतली तर भोक लांबत जातं.

फ्रेमला दात असतील तर ते उचलताना एकदा आणि वाकवताना एकदा, एवढंच ते सोसतात. तिसऱ्यांदा तुटतात. कव्हर दातांवर टोचण्याआधी तात्पुरतं चिमट्यांनी धरून बघा.

उरलेल्या बारीक सुरकुत्या हीट गनने जातात, २० ते २५ सेंमी अंतरावरून, गन सतत हलती ठेवून आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या दिशेला चोळत. पोत चकाकायला लागला की खूप तापलं, मागे या. कोपऱ्यातली मोठी चुणी उष्णतेने जाणार नाही. तिथे वॅडिंगचा मुठीएवढा तुकडा आत सारा.

---

उरेब_पट्टी

एक राहिलं. छताचं कापड बदलायचं असेल तर ते सीट आणि पॅनेलच्या आधी करा. क्रम छत, गालिचा, पॅनेल, शेवटी सीट. छताच्या कामाला आत उभं-आडवं व्हायला जागा लागते आणि वरून गोंदाचे थेंब पडतात.

छत कमानींवर ताणलेलं असेल तर प्रत्येक कमानीला पुढून मागे क्रमांकाची चिठ्ठी लावा. सगळ्या सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचं वळण आणि लांबी वेगळी असते. एक जागा चुकली तर छताला कायमचा पोक येतो. बऱ्याच गाड्यांत कापडाची पुढची-मागची कड काचेच्या रबराखाली जाते, तेव्हा काच उतरवायची तयारी ठेवा. कमानी घातलेल्या नळ्यांची टोकं एकदम कापू नका. दोन्हीकडून २५ मिमी, कापड ओढून बघा, गरज वाटली तरच पुन्हा २५.

---

जुनी_चासी

छतही काढावं लागणार असं दिसतं, मागच्या काचेजवळ डाग आहेत. मागचं पॅनेल आज सोडवून पाहिलं: रेक्झिन नरम आहे, रेघा शाबूत, तळाचे १०० मिमी बोर्ड भुसा झालंय. पॉलिथीन होतं, खालची कड पॅनेलच्या बाजूला सोडलेली.

---

दाभण

मग ते रेक्झिन वाचेल. सोडवताना तळाच्या भुशापासून सुरुवात करा, तिथे गोंद आधीच सुटलेला असतो आणि पात्याला शिरायला जागा मिळते. वळवलेल्या मायेतल्या गंजक्या पिना एकेक करून बारीक पकडीने काढा, ओढून नाही. जुनी माया ठिसूळ असेल आणि मागे वळताना फाटेल असं वाटलं तर तिला मागून ५० मिमी कापडी पट्टी चिकटवा आणि नव्या बोर्डावर ती पट्टी ओढा, रेक्झिन नाही.